कमानींच्या हौदावरचा माणूस

खात्यात तिला सगळे तपासनीसबाई म्हणत. काम सांगायला सोपं होतं. ठिकठिकाणचे हौशी लोक जुने पूल, मनोरे, कोठारं, तटबंद्या यांचे फोटो काढून जुन्या वास्तूंच्या खात्याच्या वेबसाइटवर पाठवत. ते सगळ्या जगाला दिसायला लागण्याआधी कुणाला तरी डोळ्यांखालून घालावे लागत. ते कुणीतरी म्हणजे ती. फोटो धूसर नको, कोपऱ्यात फोटोवाल्यानं आपलं नाव छापलेलं नको, आणि ओळखू येईल असा माणसाचा चेहरा नको. चेहरा असलाच तर तो पुसट करायचा, नाहीतर त्या माणसाची लेखी संमती मागवायची. सगळं ठीक असलं की हिरवं बटण, नसलं की लाल. ठरत नसेल तर पिवळं. पिवळे फोटो शुक्रवारी साहेबांपुढे जात.

साहेबांना मागून सगळे क्षितिजराव म्हणत. वाकडा फोटो त्यांना सहन होत नसे. "कलता मनोरा जगात एखादाच असतो, कलते फोटोवाले मात्र पैशाला पासरी," हे त्यांचं वाक्य खोलीतल्या चौघांना पाठ झालं होतं. चौघं म्हणजे ती आणि आणखी तीन तपासनीस. बाकीचे तिघं फोटो बघताना गप्पा मारत, चहा पीत, एखादा छान फोटो आला की एकमेकांना बोलावून दाखवत. ती बोलवत नसे आणि उठून जातही नसे. नवरा जाऊन आठ महिने झाले होते आणि या आठ महिन्यांत तिचं काम जवळजवळ दुप्पट झालं होतं. लोक तिला खंबीर म्हणत. तिला स्वतःला तसं काही वाटत नव्हतं. सकाळी उठायचं, डबा भरायचा, बसनं यायचं, बटणं दाबायची, परत जायचं. ती रडली नव्हती. रडू आवरलं असंही नाही, आलंच नव्हतं. सुरुवातीला तिला त्याचं नवल वाटायचं, मग तेही वाटेनासं झालं.

त्या मंगळवारी सकाळी तिच्यापुढे कमानींचा हौद आला. शहराच्या जुन्या भागातला, दगडी पायऱ्या उतरून जावं लागतं असा. पूर्वी अर्ध्या वस्तीचं पाणी त्यात साठायचं. आता तळाशी घोट्याएवढं पाणी आणि वर कबुतरं. फोटो पाठवणारे गृहस्थ निवृत्त दंतवैद्य होते, आणि ते नावाच्या जागी नुसतं 'दंतवैद्य' एवढंच लिहीत. त्यांचे फोटो खोलीत सगळ्यांना ओळखू येत. कुठलीही वास्तू असो, समोरून एक, डावीकडून एक, उजवीकडून एक आणि मग आत वाकून एक. खाली वर्णन: 'डावीकडून चौथी कमान ढिली. सहावीची झीज जास्त. वेळीच लक्ष दिल्यास वाचेल.' खरं सांगायचं तर त्यांच्यासारखं नीटस काम दुसऱ्या कुणाचं येत नसे.

फोटोत खालच्या पायरीवर एक माणूस बसला होता. अंगठ्याएवढा. चेहरा ओळखू येतो की नाही ते बघायला तिनं फोटो मोठा केला.

आधी तिला पाय दिसला. उजव्या पायातला बूट काढून बाजूला ठेवलेला, आणि मोज्यातला पाय डाव्या बुटावर टेकवलेला. तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर उभं राहून पाय भरून यायचे, म्हणून कुठेही टेकला की तो एक बूट काढायचा. बँकेत, पाहुण्यांकडे, कुठेही. "काढतोस तर दोन्ही काढ ना," असं ती म्हणाली की तो म्हणायचा, "एक पाय घरी, एक पाय कामावर." मग तिनं चेहरा बघितला. चेहराही त्याचाच होता. करडं जाकीट, वाढलेली दाढी, मान जराशी वर, कमानींकडे.

ती बघत राहिली. काही झालं नाही. चेहरा ओळखू येतो, हे मात्र नक्की होतं. तिनं पिवळं बटण दाबलं आणि पुढचा फोटो घेतला. तो एका पुलाचा होता, त्याच्या पुढचा कुठल्याशा घड्याळाच्या मनोऱ्याचा. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिनं तीसेक फोटो हातावेगळे केले. डबाही खाल्ला, सगळा.

जेवण झाल्यावर तिनं पिवळ्या रांगेतून तो फोटो पुन्हा उघडला, आणि या वेळी फोटोबरोबर येणारी माहिती वाचली. गेल्या वर्षीचा, चौदा मार्च, सकाळी अकरा वाजून आठ मिनिटं. कमानींच्या हौदासमोर मोठ्या दवाखान्याचं मागचं फाटक आहे, हे तिला माहीत होतं. शेवटचे तीन महिने तिनं त्या फाटकातून शेकडो वेळा ये-जा केली होती. पण ती जूननंतरची गोष्ट. वीस जूनला तो दुपारीच घरी आला, जाकीट काढून खुर्चीवर टाकलं आणि म्हणाला, "बस जरा. आजच कळलं." वीस जूनला 'आजच' कळलं होतं, तर चौदा मार्चला कामाच्या वेळी हा माणूस तिथे बसून काय करत होता?

कॅमेऱ्यातली तारीख चुकलेली असणार, असं तिला वाटलं. असं पुष्कळदा होतं. तिनं दंतवैद्यांना रीतसर विचारणा पाठवली: तारीख बरोबर आहे का, आणि त्याच वेळचे आणखी फोटो असल्यास पाठवावेत. सोबत खात्याचा फोन नंबर असतोच. दहा मिनिटांत फोन वाजला.

"मी दंतवैद्य बोलतोय. तारखेबद्दल कुणी विचारलं?"

"मी विचारलं. तपासनीस."

"तारीख अगदी बरोबर आहे मॅडम. कॅमेऱ्याचं घड्याळ मी दर महिन्याला लावतो. मागचे फोटो आता कुठे एकेक करून पाठवायला घेतलेत, म्हणून उशीर. का हो, काय बिघडलं?"

"फोटोत एक माणूस आहे."

"आहे ना! चाळीस वर्षं मी तोंड उघडं ठेवलेल्या लोकांशी बोललो, त्यामुळे उत्तर ऐकायची सवय नाही मला. पण तो दिवस चांगला आठवतोय. म्हटलं, जरा बाजूला होता का, कमान झाकली जातेय. बाई लगेच सरकल्या. तो काही हलला नाही. ऐकूच गेलं नसावं."

"कोण बाई?"

"त्याच्याबरोबर होत्या ना. आई असावी. सोलून सोलून त्याला संत्रं देत होत्या, एवढ्या मोठ्या माणसाला. पाठवतो, सगळे पाठवतो."

सात फोटो आले. तिसऱ्यात सासूबाई होत्या. जांभळा स्वेटर, त्यांनी स्वतः विणलेला, त्याची एक बाही दुसरीहून लांब. मांडीवर रुमाल पसरलेला. संत्र्याची फोड धरलेला हात पुढे केलेला. आणि तो न बघताच ती घेत होता.

त्या दिवशी ती नेहमीच्याच बसनं घरी गेली.

घरात आता दोघीच. ती आणि सासूबाई. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि मागे कपडे वाळत घालायची गच्ची. सासूबाई स्वयंपाकघरात टेबलाशी बसून शेंगांचे दोर काढत होत्या. तिनं हात धुतले, समोर बसली आणि फोनवर तिसरा फोटो उघडून टेबलावर ठेवला.

सासूबाईंनी चष्मा वर-खाली केला. मग शेंगा बाजूला सारल्या.

"कुणी काढला गं?"

"एका दंतवैद्यानं. आई, हा मार्चमधला आहे."

"हो."

"त्यानं मला जूनमध्ये सांगितलं."

"हो."

"तुम्हाला मार्चपासून माहीत होतं?"

"फेब्रुवारीपासून," सासूबाई म्हणाल्या. "मला तरी कुठे त्यानं सांगितलं! कपडे धुवायला घेतले तर खिशात दवाखान्याचा कागद. मला काय कळतंय त्यातलं! खालच्या औषधवाल्याला दाखवला. त्याचं तोंड बघितलं आणि समजले. घरी आल्यावर याला धरला. म्हणाला, आई, तिच्या कानावर घालायचं नाही. तिची परीक्षा होऊ दे. माझी शपथ घातलीन, त्याची स्वतःचीही घातलीन."

परीक्षा एकोणीस जूनला होती. खात्याची. ती तेव्हा सात वर्षं हंगामी होती, आणि ती परीक्षा पास झाल्याशिवाय कायम होणार नव्हती. दोनदा नापास झाली होती, तिसरी संधी शेवटची. तिनं ते चार महिने घर डोक्यावर घेतलं होतं. भांडी त्यानं घासायची, बाजार त्यानं आणायचा, टीव्ही बंद, कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. तो सगळं गुमान करायचा. आई आणि मुलगा, अळीमिळी गुपचिळी. ताकास तूर लागू दिली नाही दोघांनी.

"मी त्याला खोकू नकोस म्हटलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही इथेच होतात."

"होते."

"मी म्हटलं, जरा खोकायचं थांब ना, वाचू दे मला. आणि तो गच्चीवर जाऊन बसला."

"मीच त्याला स्वेटर नेऊन दिला."

"तेव्हा तरी सांगायचं होतंत."

सासूबाईंनी एक शेंग उचलली, परत ठेवली. "तोंडाशी आलं होतं. तुझ्या दारापर्यंत आले होते. तू पुस्तकात डोकं घालून बसलेली. पुन्हा मागे फिरले. शपथ शपथ तरी काय, पोराला एवढं एकच पाहिजे होतं माझ्याकडून. पंधरा दिवसांनी एकदा ते औषध चढवायचे. तो कामावर जातो म्हणून निघायचा, मी भाजीला जाते म्हणून. संपलं की लगेच चालवायचं नाही त्याला. मग त्या हौदावर बसायचो. सावली असते तिथे."

"काय बोलायचात?"

"काही नाही गं. कमानी मोजायचा. दर वेळी वेगळा आकडा यायचा त्याचा. एकदा म्हणाला, आई, इथे लिफ्ट बसवायची म्हटली तर कुठून बसवायची? एवढा वेळ विचार करून म्हणाला, नाही बसणार, जिनाच बरा." सासूबाईंना हसू आलं आणि त्यांनी ते घाईघाईनं गिळलं.

ती उठली. "तुमच्याकडे चार महिने जास्त आहेत," एवढंच म्हणाली. आवाज चढवला नाही. राहिलेल्या शेंगांचे दोर काढले, भाजी फोडणीला टाकली, दोघी जेवल्या. रागावली असती तर बरं झालं असतं, असं सासूबाई नंतर कुणीतरी विचारलं तेव्हा म्हणाल्या. ती रागावलीही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी स्टुलावर चढून माळ्यावरची बॅग खाली काढली. "मी लेकीकडे जाऊन राहीन म्हणते," त्या म्हणाल्या. लेक म्हणजे नणंद, दुसऱ्या शहरात, चौथ्या मजल्यावर राहायची. "ती केव्हाची बोलावतेय. तुलाही मोकळं वाटेल." तिला 'जा' म्हणवेना, 'नका जाऊ' म्हणण्याइतकं मनात काही हलेना. "स्टुलावर चढत जाऊ नका," म्हणाली आणि कामाला गेली. बॅग पलंगाशी उघडी पडून राहिली. रोज त्यात एखादा कपडा वाढायचा.

शुक्रवारी क्षितिजराव पिवळे फोटो बघायला तिच्या टेबलाशी येऊन बसले. आठदहा फोटो पटापट निकालात निघाले. मग हौद आला.

"वा," क्षितिजराव म्हणाले. "ही रेघ बघा. पायऱ्यांची कड अगदी क्षितिजासारखी सरळ. दंतवैद्यच ना? मग यात अडलं कुठे?"

"चेहरा ओळखू येतो."

"इतक्या लांबून? कोण ओळखणार?"

"मी ओळखला. माझा नवरा आहे."

क्षितिजरावांनी पडद्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, पुन्हा पडद्याकडे पाहिलं. ते तिच्या नवऱ्याच्या अंत्ययात्रेला आले होते आणि तेव्हाही त्यांना काही बोलता आलं नव्हतं.

"मग," ते शेवटी म्हणाले, "म्हणजे... फोटो सरळ आहे."

"हो, सरळ आहे."

"संमती तुम्हीच देऊ शकता. नियमात बसतं. माणूस हयात नसेल तर जवळच्या नातेवाइकानं सही करायची. तुम्हीच सही करा, तुम्हीच तपासा, माझी काही हरकत नाही." ते उठले, दोन पावलं गेले, आणि परत आले. "नाहीतर पुसट करा. नाहीतर काढूनच टाका, बाई. तुम्ही म्हणाल ते."

तिनं संमतीचा कागद छापून घरी नेला. एक पानी. नाव, वास्तू, दिनांक, मृत व्यक्तीशी नातं. सासूबाईंना तिनं फोटो दाखवला, तो एकटा असलेला. त्यांनी तो बोटांनी मोठा करायला शिकून घेतला आणि कितीतरी वेळ इकडून तिकडे सरकवत राहिल्या.

"लाव की," म्हणाल्या. "किती छान दिसतोय. दाढी वाढलीय तेवढीच. लोकांनी बघितला तर काय झालं?"

शनिवारी आणि रविवारी कागद टेबलावर पडून राहिला. ती त्यावरून दोनदा फडकं फिरवून गेली. सही करायला तिची ना नव्हती. पण पेन हातात घेतलं की तिला एकच वाटायचं: तो तिथे कुणाला दिसायला बसला नव्हता. जगातल्या एका माणसाला दिसू नये म्हणून बसला होता, आणि तो माणूस ती होती. तिनं बघायचं ते बघून झालं होतं. आता बाकीच्यांनी कशाला?

सोमवारी तिनं फोटो उघडला. पुसट करायचं साधन सोपं आहे, चेहऱ्याभोवती चौकोन ओढायचा आणि एक कळ दाबायची. रोज पाच-सहा वेळा तरी ती हे करायची. तिनं चौकोन ओढला. तो जरा मोठा झाला, कमानीच्या दगडावर गेला, म्हणून पुन्हा नीट ओढला. कळ दाबली. चेहऱ्याच्या जागी करडा डाग आला, जाकिटाच्या रंगाचा. पाय तसाच राहिला, नियम फक्त चेहऱ्यापुरता होता. मग हिरवं बटण. फोटो वेबसाइटवर गेला: 'कमानींचा हौद, आतील बाजू. डावीकडून चौथी कमान ढिली.' मूळ फोटो तिनं स्वतःसाठी ठेवून घेतला नाही. सासूबाईंच्या फोनवर मात्र पाठवला, सातही पाठवले.

त्या संध्याकाळी दंतवैद्यांचा पुन्हा फोन आला. चेहरा पुसट केलेला त्यांना दिसला होता, आणि ते जरा नाराज होते. "कामात खाडाखोड झाली की मला चैन पडत नाही. संमती मिळाली नाही का?"

"नाही मिळाली," ती म्हणाली.

"ओळखीचे निघाले का हो ते कुणाच्या?"

"निघाले."

"बरे आहेत ना?"

"नाहीत."

दंतवैद्यांनी या वेळी उत्तर ऐकलं. मग म्हणाले, "बाईंना नमस्कार सांगा. त्यांनी मलाही एक फोड दिली होती."

पुढच्या रविवारी ती सासूबाईंना म्हणाली, "आई, मला तिथे घेऊन चला."

दोघी बसनं गेल्या. सासूबाईंनी तिला हौदाचा आतला रस्ता दाखवला, तो औषधाच्या दुकानामागून जायचा; ती आजवर पुढूनच गेली होती. पायऱ्या झिजून मधोमध खोलगट झालेल्या. सासूबाई एकेक पायरी आडवं पाऊल टाकत उतरल्या, तिच्या खांद्याला धरून. "इथे मी," त्यांनी दाखवलं. "इथे तो."

ती तिथे बसली. दगड गार होता. समोर कमानी होत्या, वर कबुतरं फडफडत होती, पाण्यावर एक बाटली तरंगत होती. दोन पोरी आळीपाळीनं एकमेकींचे फोटो काढत होत्या. तिनं कमानी मोजायला सुरुवात केली. अर्ध्यात एक कबुतर उडालं आणि आकडा चुकला. पुन्हा मोजल्या नाहीत. काहीतरी होईल, असं तिला येताना बसमध्ये वाटत होतं. पायाला मुंग्या आल्या तेवढ्याच. शेजारी सासूबाईंचा डोळा लागला होता, तोंड किंचित उघडं, आणि त्यांचं डोकं हळूहळू तिच्या दंडावर कलंडत होतं. तिनं दंड हलवला नाही. अर्धा तास असेल. दंड दुखायला लागला तेव्हा, इतक्या दिवसांत पहिल्यांदा आपल्याला काहीतरी दुखतंय, हे तिच्या लक्षात आलं. दंडच दुखत होता, दुसरं काही नाही.

सासूबाई दचकून जाग्या झाल्या. "उठवायचं नाहीस का! किती वेळ झाला?"

"झाला थोडा."

पायऱ्या चढताना त्यांना धाप लागली. वर आल्यावर दोघी भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

"त्या दिवशी," सासूबाई म्हणाल्या, "तू त्याला खोकू नकोस म्हणालीस ना, तेव्हा गच्चीवर तो हसत होता. मला म्हणाला, आई, ही पास होणार बघ यंदा. खोटं नाही सांगत, आता शपथही घालायला कुणी नाही. रागावला नव्हता तो."

ती रस्त्याकडे बघत होती. बस अजून लांब होती, चौकात अडकली होती.

"बुधवारची गाडी आहे," सासूबाई पुढे म्हणाल्या. "लेकीला आज कळवावं लागेल. काय कळवू?"

"तिच्याकडे चार मजले आहेत. लिफ्ट आहे का?"

"नाही ना."

"मग कळवा, येत नाही म्हणून."

सासूबाईंनी मान हलवली. बस आली. आत गर्दी होती, एकच जागा रिकामी होती. तिनं सासूबाईंना बसवलं आणि स्वतः त्यांच्या शेजारी वरची दांडी धरून उभी राहिली, दुखऱ्या हातानंच.